समजा, बाई घरी न्हाईत

मुंजाजी ब्रदर रोज सकाळी आठ वाजता आमच्या घरी येतात, साबणाने कोपरापर्यंत हात धुतात, खिशातल्या स्वच्छ रुमालाने ते पुसतात आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. पाऊण तासाने निघतात तेव्हाच ते हात सुटतात. मधल्या वेळात ते घरातल्या कशालाही हात लावत नाहीत. पेशंटला तर नाहीच.

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजोबांच्या मागे पोलिसासारखं कोण उभं आहे? तेव्हा आवाज तुटत होता म्हणून नीट सांगता आलं नाही. शिवाय ही गोष्ट आरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहून पाठवते. मोठ्याने वाचून दाखवायचं काम तुमच्या बाबांचं. त्याने मधले भाग गाळले तर मला कळेल, कारण मी नंतर प्रश्न विचारणार आहे.

दवाखान्यातल्या नर्सला आपण सिस्टर म्हणतो, तसं पुरुष नर्सला ब्रदर म्हणतात. मुंजाजी हे आमच्या भागातलं नाव, तुमच्या वर्गात कुणाचं नसेल. जिंतूरच्या बाजूला सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाल्यावर परभणीत एक खोली घेऊन एकटेच राहतात आणि घरोघरी पेशंट बघतात. शेजारच्या काकू त्यांना ‘ब्रदरभाऊ’ म्हणतात. एकाच माणसाला दोनदा भाऊ म्हटलं गेलं, हे मी काकूंना अजून सांगितलेलं नाही. ब्रदरनाही त्याचं काही वाटत नाही.

गेल्या वर्षी आजोबांच्या उजव्या पायाची करंगळी काढावी लागली, हे तुम्हाला माहीत आहे. का, ते कुणी सांगितलं नसेल. चपलेत खडा होता. दिवसभर तो टोचत राहिला आणि आजोबांना कळलंच नाही. साखरेच्या आजारात पायाची जाणीव हळूहळू जाते. डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, “आता पुन्हा जखम झाली तर बोटावर भागणार नाही.” मग म्हणाले, “घरी एक माणूस पाठवतो. विचित्र आहे, पण त्याचं ऐका.”

मी तयारीत होते. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, तयारीशिवाय वर्गात पाऊल टाकलं नाही. पहिल्या दिवशी ट्रेमध्ये कापूस, पट्टी, कात्री, मलम ओळीने मांडलं. साखर तपासायचं मशीन आणि इन्सुलिन वेगळ्या ट्रेमध्ये. फ्रिजच्या दारावर तीन रंगांच्या शाईत आखलेला तक्ता. कुठलं औषध किती वाजता, साखर किती, जेवण काय, सगळं इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत.

ब्रदर आले, हात धुतले, हात मागे बांधले आणि उभे राहिले. मी थांबले. आजोबा पाय स्टुलावर ठेवून थांबले. घड्याळ टिकटिक करत होतं. शेवटी ब्रदर म्हणाले, “सर, करा की सुरू.”

“मी?” आजोबा म्हणाले. “मग तुम्ही कशाला आलात?”

“बघायला.”

मी पुढे होऊन पट्टी सोडायला लागले, तर म्हणाले, “बाई, तुमी जरा तिकडं खुर्चीवर बसा. लांब.”

आजवर मी मुलांना वर्गात लांब बसवलं होतं. मला कुणी बसवलं नव्हतं. त्या दिवशी आजोबांनी स्वतःच्या पायाची पट्टी सोडली, जखम धुतली, नवी बांधली. ती इतकी वेडीवाकडी झाली की मला बघवेना. ब्रदर तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “झकास. उद्या परत.”

ते गेल्यावर मी डॉक्टरांना फोन केला. म्हटलं, हा माणूस काहीच करत नाही. डॉक्टर हसले. “बाई, तेच करायला पाठवलंय त्यांना.”

जाताना ब्रदरनी फ्रिजवरचा तक्ता वाचला होता. सावकाश, ओळीवर बोट फिरवल्यासारखी मान हलवत. “अक्षर लय सुरेख हाय,” म्हणाले. मग विचारलं, “पण बाई, आजार कोणाचा हाय?”

“यांचा.”

“मग अक्षर तुमचं कसं काय?”

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सांगण्यावरून तक्ता मीच फ्रिजवरून काढला. तुमच्या आजोबांनी एक जुनी डायरी काढली. तुम्हाला ठाऊक आहे, ते कृषी विद्यापीठात मातीचे प्राध्यापक होते. त्यांनी साखरेच्या नोंदी मातीच्या भाषेत लिहायला सुरुवात केली. ज्या दिवशी साखर ठीक, त्या दिवशी ‘निचरा चांगला’. वाढली तर ‘पाणी साचले’. मला हा प्रकार पोरकट वाटला. ब्रदरना मात्र भारी आवडला. म्हणाले, “सर, जन्मभर शेतकऱ्याला सांगितलं ना तुमी, आधी माती तपास, मग खत घाल? मग स्वतःचं रक्त न तपासता गोळ्या कशा काय गिळत होतात?”

आजोबांनी वाद न घालता बोट पुढे केलं. असं क्वचित होतं, म्हणून मी तारखेसह लिहून ठेवलं आहे.

मग आरसा आला. आजोबांचा दाढीचा आरसा ब्रदरनी जमिनीवर ठेवायला लावला आणि त्यावर पाय धरायला सांगितलं, म्हणजे तळवा दिसतो. कुठे चीर, कुठे फोड, कुठे लाली, रोज बघायचं आणि मोठ्याने सांगायचं. आजोबा कुरकुरले. “सत्तर वर्षांत मी तळवा बघितला नाही.”

“तोंड रोज बघता,” ब्रदर म्हणाले. “तळव्यानं काय गुन्हा केलाय?”

चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, हाही त्यांचाच नियम. आता आजोबा कुणाच्या घरी गेले की निघताना आधी चप्पल उलटी करून झटकतात. लोकांना वाटतं, आपल्या घरात विंचू आहेत असा यांचा समज आहे.

पण ब्रदरचं खरं वेड म्हणजे ‘समजा’. पट्टी झाली, आरसा झाला, की ते परीक्षा घ्यायचे. हात मागे, मान थोडी वाकडी, डोळे आजोबांवर.

“समजा, बाई घरी न्हाईत. समजा, एकदम घाम फुटला. समजा, हात थरथरायलेत, जीव घाबरायलाय. काय करणार?”

“बाईला फोन करणार.”

“बाई उचलत न्हाईत.”

“तुम्हाला फोन करणार.”

“मी मेलो.”

“अहो ब्रदर!”

“सर, समजा म्हणलं की मी. काय करणार?”

मग आजोबा पाठ म्हणायचे. आधी बसणार. मशीनवर साखर बघणार. सत्तरच्या खाली असली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून पिणार. पंधरा मिनिटं थांबणार. पुन्हा बघणार. वर आली की लगेच जेवणार. नाही आली तर पुन्हा तीन चमचे. मशीन सापडलं नाही, तर आधी साखर पिणार आणि मग मशीन शोधणार.

“आन डोकं चालेनासं झालं तर?”

“शेजारी हाक मारणार.”

“ती कधी मारणार? डोकं बंद पडल्यावर, का आधी?”

“आधी.”

“झकास.”

एक दिवस मी चिडले. त्यांच्या ‘समजा’मध्ये घरी नसायची ती नेहमी मीच. एकदा मी माहेरी गेलेली असायची, एकदा बाजारात, एकदा न्हाणीघरात घसरून पडलेली. एकदा तर ते “समजा, बाई...” म्हणून नुसतेच थांबले. मी खुर्चीवरून म्हटलं, “सांगून टाका ब्रदर. गेले, असंच ना?”

“तसं म्हणलो न्हाई मी.” मग मान वाकडी करून म्हणाले, “पण समजा.”

मुलांनो, मला राग आला होता, कारण मी कुठेही जाणार नव्हते. गोळ्यांच्या डबीत सात दिवसांचे सात कप्पे मी भरत होते. आजोबांची तहान मला त्यांच्या आधी कळते असा माझा समज होता. त्या डबीवरूनही आमचं वाजलं. ब्रदर म्हणाले, डबी सर भरतील. मी म्हटलं, चुकतील. ते म्हणाले, “चुकू द्या की. मी समोर उभा हाय तोवर चुकू द्या. मी नसताना चुकायला नको.” हे बोलताना त्यांचा आवाज एरवीसारखा नव्हता, पण तेव्हा मला माझीच बाजू मोठी वाटत होती. आजोबांनी डबी भरली. मंगळवारच्या कप्प्यात बुधवारच्याही गोळ्या गेल्या. ब्रदर हात मागे घट्ट धरून बघत राहिले. आजोबांनीच शेवटी मोजलं, जीभ चावली आणि पुन्हा भरलं.

त्यांची आणखी एक गोष्ट मला तेव्हा नुसती गंमत वाटायची. महिन्यातल्या संकष्टी चतुर्थीला ते दोनदा यायचे. सकाळी नेहमीच्या वेळी, आणि पुन्हा जेवायच्या वेळी. आल्या आल्या विचारायचे, “आज चतुर्थी. उपास न्हाई ना?” आमच्या घरी चतुर्थीचा उपास नाही, हे त्यांना दर महिन्याला सांगावं लागायचं. तरी दुपारी येऊन आजोबा जेवायला बसेपर्यंत दारात उभे. पहिला घास तोंडात गेला की निघाले. मी म्हणायचे, ब्रदर, दोन घास खाऊन जा. नको म्हणायचे. चहासुद्धा कधी घेतला नाही. मी मनाशी म्हटलं, प्रत्येकाचं काही ना काही असतं. मला टॉवेलची घडी चुकलेली चालत नाही, यांना चतुर्थी चालत नाही.

असे आठ महिने गेले. जखम भरली होती. आता ते पट्टीसाठी नाही, नुसते बघायला यायचे.

त्यानंतर मी खरोखरच घरी नव्हते.

पूर्णेला माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळी परत. मी जावं असा आजोबांचा आग्रह होता. मी जेवण झाकून ठेवलं आणि टेबलावर चिठ्ठी ठेवणार होते. पेन उघडलं आणि बंद केलं. चिठ्ठी न ठेवता गेले. गाडीत बसल्यावर चिठ्ठी न ठेवल्याचा पश्चात्ताप पूर्णा येईपर्यंत करत राहिले.

पुढचं सगळं मला नंतर कळलं. साडेबाराला आजोबांनी साखर बघितली, इन्सुलिन घेतलं, ताट वाढून घेतलं. तेवढ्यात त्यांचा जुना विद्यार्थी उत्तम आला. स्वतः चाळिशीचा बाप्या, जिंतूरकडे त्याची शेती आहे. सोयाबीन पिवळं पडतंय म्हणून पिशवीत माती आणि दोन रोपं घेऊन आलेला. तुमच्या आजोबांसमोर कुणी माती ठेवली, तर ताटाची काय कथा. दोघं व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसले. माती चोळली, वास घेतला, मुळं बघितली. ताट आत झाकलेलं, आणि इन्सुलिन घेऊन जेवलं नाही की साखर एकदम उतरते.

दीडच्या सुमाराला आजोबा बोलता बोलता थांबले. कपाळावर घाम. उत्तमला वाटलं, उकाड्याने होतंय. तो वर्तमानपत्राने वारा घालायला लागला, त्यावरची माती आजोबांच्या अंगावर. मग त्यांचे हात बघून घाबरला. “सर, चला, ऑटो आणतो. दवाखान्यात जाऊ.”

“थांब,” आजोबा म्हणाले. “आधी तपासायचं.”

आत जाऊन ते टेबलाशी बसले, मशीन समोरच्या ट्रेमध्ये होतं. बावन्न आली. तीन चमचे साखर पाण्यात घातली. अर्धी टेबलावर सांडली, म्हणून आणखी एक चमचा. प्यायले. उत्तम म्हणत होता, सर, आणखी घ्या, सर, भाकर खा, सर, बाईंना फोन लावू का. आजोबांनी त्याला घड्याळाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, “तू तेवढा बोलत राहा माझ्याशी. मी उलट बोलेनासा झालो, तर शेजारी हाक मार.”

उत्तम काय बोलणार? तो सोयाबीनबद्दल बोलत राहिला. पंधरा मिनिटं. तो मला नंतर म्हणाला, “बाई, तोंडी परीक्षेला एवढा घाम फुटला नव्हता मला.” दुसऱ्यांदा शहाऐंशी आली. मग दोघं जेवायला बसले. आजोबांनी डायरीत लिहिलं: ‘बांध फुटला होता. घातला.’

मी साडेपाचला घरी पोचले. आजोबा व्हरांड्यात बसलेले. मला बघून म्हणाले, “अगं, ब्रदरचं समजा खरं झालं आज.” मग सगळं सांगितलं. मी ऐकून घेतलं, आत गेले, टेबलावर सांडलेल्या साखरेला मुंग्या लागल्या होत्या, त्या बघत उभी राहिले. टेबल लगेच पुसलं नाही. मला माझ्याबद्दल हे नवीन होतं.

दुसऱ्या दिवशी ब्रदर आले. हात धुतले, मागे बांधले. आजोबा वाटच बघत होते. त्यांनी पहिला नंबर आलेल्या मुलासारखं सगळं सांगितलं.

ब्रदरनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, “परत सांगा.”

आजोबांनी परत सांगितलं.

“घाम कधी फुटला? आन तवा तुमाला काय वाटलं? उकाड्यानं हाय असं वाटलं का?”

“वाटलं. क्षणभर वाटलं. उत्तम तेच म्हणत होता. पण तुमचं ‘समजा’ आठवलं.”

“परत सांगा सर.”

तिसऱ्यांदा आजोबा सांगत असताना ब्रदर खाली बसले. आठ महिन्यांत मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. जमिनीवरच, भिंतीला टेकून. हात मागे बांधता येईनात, म्हणून ते मांडीवर आले. काय करावं ते त्या हातांना कळत नव्हतं.

“आमच्या सोजरला साखर होती,” ते म्हणाले. “माझं कुटुंब.”

आजोबांनी आरसा बाजूला सरकवला.

“मी ब्रदर. घरातच दवाखाना. मी तिला कशाची फिकीर करू दिली न्हाई. इन्सुलिनची सुई मी भरायचो, रक्त मी बघायचो, गोळी तळहातावर मी ठेवायचो. तिला आकडासुद्धा कळायचा न्हाई. लोक म्हणायचे, सोजर नशिबाची. मला पण बरं वाटायचं ते ऐकून. एका यात्रेत तीन दिवसांची ड्यूटी लागली. मी सहा सुया भरून फ्रिजात ठेवल्या. वर कागद चिकटवले, सकाळ, संध्याकाळ. टोचायचं कसं तेवढं दाखवलं. म्हणलं, एक बी चुकवायची न्हाई बघ.”

बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

“तिसऱ्या दिवशी चतुर्थी होती. चंद्र निघेपर्यंत ती पाणीसुद्धा घेत नव्हती. ते मला ठावं होतं. दर चतुर्थीला मी सुई कमी भरायचो, कधी द्यायचोच न्हाई. पण ते माझ्या डोक्यात. तिला कुठं सांगितलं होतं? अन् निघायच्या गडबडीत माझ्या बी ध्यानात न्हाई आलं. सकाळची सुई तिनं घेतली. घाम फुटला, तर शेजारणीला म्हणली, उपासानं होतंय. पडून राहते जरा. ती परत उठली न्हाई.” त्यांनी मांडीवरचे हात उलटे करून बघितले. “काही चुकवलं न्हाई तिनं. मी सांगितलं तसंच केलं.”

मुलांनो, आठ महिने ज्या खुर्चीवर मला लांब बसवलं म्हणून मी मनात धुसफुसत होते, तिथेच मी बसले होते. ते मला कशापासून लांब ठेवत होते, हे आता कळत होतं.

आजोबांचा आरसा बघून झाला होता. मोजे घालायचे राहिले होते. उजवा मोजा त्यांच्या हातात होता. मोजा घालायला आता त्यांना अर्धं मिनिट लागतं. शिवण करंगळीच्या जागी येऊ न देता तो कसा चढवायचा, हे ब्रदरनीच त्यांना शिकवलं आहे, एकदाही हात न लावता.

ब्रदर गुडघ्यांवर पुढे सरकले. त्यांनी आजोबांच्या हातातून मोजा घेतला. तो उलटा करून आत काही नाही ना ते बघितलं, दोन्ही अंगठ्यांनी तोंड रुंद केलं आणि पायावर सावकाश चढवला. शिवण बाजूला सरकवली. जिथे करंगळी नाही, तिथे कापड हलक्या हाताने सारखं केलं. मग पुन्हा एकदा केलं.

मला वाटलं, आजोबा म्हणतील, राहू द्या ब्रदर, मला येतं.

आजोबांनी डावा पाय पुढे केला.